ई-लर्निंग की फळा-खडू : विद्यार्थ्यांचे खरे मत जाणून घेण्याची पद्धत

शाळेत प्रोजेक्टर बसला किंवा वर्गात स्पर्शाने चालणारा डिजिटल फळा आला, की वर्षभरात केव्हातरी संस्थाचालक, मुख्याध्यापक किंवा पालक विचारतातच : मुलांना हे आवडते आहे का, आणि आधीच्या शिकवण्यापेक्षा यातून त्यांना अधिक कळते का? मग घाईने एक कागद छापला जातो, त्यावर ‘तुम्हाला ई-लर्निंग आवडते की पारंपरिक अध्यापन?’ असा प्रश्न असतो, वर्ग भरघोस मतांनी ई-लर्निंगच्या बाजूने कौल देतो आणि तो अहवाल फाइलला लागतो. बी.एड.च्या कृतिसंशोधनातही, म्हणजे आपल्याच वर्गातल्या प्रश्नावर केलेल्या छोट्या संशोधनातही, हा विषय वर्षानुवर्षे येत राहिला आहे. मार्गदर्शक म्हणून मी असे अहवाल बरेच वाचले आहेत आणि माझा स्वतःचा पहिला अहवालही याच साच्यातला होता. तो वाचून माझ्या पुढच्या वर्षीच्या एकाही तासात काही बदल झाला नाही, एवढे त्याच्याविषयी सांगितले तरी पुरे.

मुलांना ‘माध्यम’ या गोष्टीविषयी सहसा मत नसते. त्यांना मंगळवारच्या चौथ्या तासाविषयी, पेशीविभाजनाच्या चित्रफितीविषयी, आणि शंका विचारायची राहून गेली त्या क्षणाविषयी मत असते. आपला प्रश्न तिथपर्यंत पोहोचला, तर उत्तर खरे आणि उपयोगी मिळते. पुढे दिलेली पद्धत माध्यमिक शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकांसाठी व छात्राध्यापकांसाठी, म्हणजे बी.एड. करणाऱ्यांसाठी, आहे. दोन तुकड्या आणि साधारण सहा ते आठ आठवडे हाताशी असतील, तर एकट्या शिक्षकालाही ती पार पाडता येते.

आधी ‘ई-लर्निंग’ म्हणजे काय ते ठरवावे

या एका शब्दाखाली मुलांचे अगदी वेगवेगळे अनुभव दडलेले असतात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि त्यानंतर अनेक महिने वर्ग मोबाइलच्या पडद्यावर आला. २०२०-२१ या शैक्षणिक वर्षात पाचवीत असलेला मुलगा २०२५-२६ मध्ये दहावीत पोहोचला, आणि ‘ई-लर्निंग’ म्हटले की त्याला वडिलांचा फोन, संपलेला डेटा आणि तुटक ऐकू येणारा आवाजच आठवण्याची शक्यता मोठी आहे. त्याच काळात सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासमालिका पाहणाऱ्या मुलाची आठवण निराळी असते. कोणी २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शासकीय व्यासपीठावरचे घटक पाहिलेले असतात, कोणी पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केलेला असतो, कोणी रात्री यूट्यूबवर एकच गणित तीन शिक्षकांकडून समजून घेतलेले असते, आणि कोणाला वर्गातल्या पडद्यावर शिक्षकांनी थांबवत थांबवत दाखवलेले ऍनिमेशनच तेवढे माहीत असते. एकच शब्द वापरून या सर्वांचे मत विचारले, तर आलेल्या उत्तरांची बेरीज करण्यात अर्थ उरत नाही.

दृक्-श्राव्य साधनांनी शिकवण्याचा आपल्याकडचा इतिहासही या बाबतीत सावध करणारा आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगातून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत कार्यक्रम पोहोचवले गेले. पुढे १९८४ मध्ये पुण्यात शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी ‘बालचित्रवाणी’ ही संस्था उभी राहिली. त्या कार्यक्रमांसमोर बसलेल्या मुलाला चित्र थांबवण्याची किंवा मागे नेण्याची सोय नव्हती. आजच्या मुलाच्या हातात ती आहे. माध्यमाचे नाव ‘दृक्-श्राव्य’ असे एकच राहिले तरी त्याचा शिकणाऱ्यावर होणारा परिणाम या एका सोयीने पार बदलतो, म्हणून अशा सोयींचा उल्लेख व्याख्येत असलाच पाहिजे.

पहिले काम म्हणून वहीत एक वाक्य लिहावे आणि तेच पुढे प्रश्नावलीच्या माथ्यावर छापावे. उदाहरणार्थ : ‘या प्रश्नावलीत बहुमाध्यम तास म्हणजे, आपल्या वर्गात शिक्षकांच्या उपस्थितीत पडद्यावर ऍनिमेशन, चित्रे आणि ध्वनी वापरून, लागेल तिथे थांबवत घेतलेला तास; आणि फळ्यावरचा तास म्हणजे, फळा, पाठ्यपुस्तक आणि शिक्षकांचे स्पष्टीकरण एवढ्यावर घेतलेला तास.’ घरी मोबाइलवर स्वतः पाहिलेल्या चित्रफितींविषयी विचारायचे असेल, तर त्याचा स्वतंत्र भाग करावा. दोन्ही गोष्टी एकत्र करू नयेत.

तुलना न्याय्य व्हावी, यासाठी तासांची आखणी

तुलनेतली सर्वांत मोठी चूक प्रश्नावली छापण्याच्या कितीतरी आधी होते. पडद्यावरचा तास उत्साही शिक्षकाने पूर्ण तयारीनिशी घेतलेला असतो आणि फळ्यावरचा तास रोजचा, थकलेला असतो. मुले तयारीला मत देतात आणि आपण ते माध्यमाच्या खात्यावर जमा करतो. अमेरिकी संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये हाच मुद्दा ठामपणे मांडला होता : किराणा माल ज्या ट्रकमधून येतो, त्या ट्रकमुळे आपले पोषण बदलत नाही, तसे नुसत्या माध्यमामुळे शिकणे बदलत नाही, बदल घडतो तो शिकवण्याच्या पद्धतीमुळे. रॉबर्ट कोझ्मा यांनी पुढे त्यांचा प्रतिवाद केला आणि काही माध्यमांची अंगभूत क्षमता शिकण्याला खरोखर वेगळे वळण देते, असे म्हटले. मला स्वतःला कोझ्मा यांचे म्हणणे काही घटकांपुरते पटते. परंतु सर्वेक्षण करणाऱ्याने क्लार्क यांचा इशारा आधी पाळावा, कारण शिक्षक, आशय आणि वेळ सारखी ठेवल्याशिवाय कोणाचेच म्हणणे तपासता येत नाही.

यासाठी आलटून-पालटून शिकवण्याची रचना सर्वांत सोयीची ठरते. दोन घटक निवडावेत. पहिला घटक ‘अ’ तुकडीला बहुमाध्यम पद्धतीने आणि ‘ब’ तुकडीला फळ्यावर शिकवावा. दुसऱ्या घटकाला उलट करावे. दोन्ही तुकड्यांना एकाच शिक्षकाने, तेवढेच तास देऊन शिकवावे आणि शक्य असेल तर दिवसातली वेळही सारखी ठेवावी, कारण जेवणाच्या सुट्टीनंतरचा अंधारलेला वर्ग आणि सकाळचा पहिला तास यांत माध्यमापेक्षा झोपेचाच फरक अधिक पडतो. या रचनेमुळे प्रत्येक विद्यार्थी दोन्ही अनुभव घेतो, त्यामुळे त्याच्या मतामागे खरोखरची तुलना असते. शिवाय एका तुकडीला नवे काही मिळाले आणि दुसरीला मिळाले नाही, ही पालकांची रास्त तक्रारही उरत नाही.

घटक निवडताना दोन वेगळ्या प्रकृतींचे घ्यावेत. दहावीचे उदाहरण घेऊ. विज्ञानातील पेशीविभाजन ही हालचालीची गोष्ट आहे. फळ्यावर पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था अशा चार आकृत्या शेजारी-शेजारी काढल्या, की वर्गातल्या काही मुलांना त्या चार वेगवेगळ्या पेशी वाटतात. एकच पेशी यातून जाते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. ऍनिमेशनमध्ये गुणसूत्रे मध्यावर येऊन दोन टोकांकडे सरकताना दिसली, की हा गैरसमज पाहता-पाहता दूर होतो. मात्र तोच तास संपल्यावर मध्यावस्थेची आकृती काढायला सांगितली, तेव्हा माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांनी गुणसूत्रे बरोबर काढली होती आणि ती खेचणारे तंतूच काढले नव्हते. डोळा हलणाऱ्या वस्तूच्या मागे गेला होता. जे स्थिर होते ते पाहूनही दिसले नव्हते.

याउलट भूमितीतील रचना. वर्तुळाबाहेरील बिंदूतून स्पर्शिका काढताना पडद्यावरचा कंपास कधी घसरत नाही. फळ्यावरचा लाकडी कंपास घसरतो, कंस थोडा चुकतो, शिक्षक मागे सरून पाहतात, पुसतात आणि त्रिज्या पुन्हा घेतात. चूक कशी ओळखायची, हे मुले तिथे शिकतात. एकाच वर्गाचे मत या दोन घटकांसाठी अगदी विरुद्ध येऊ शकते, आणि आपल्याला हवी असलेली माहिती नेमकी त्या विरोधातच असते.

बहुमाध्यम तास चांगला असेल, याचीही काळजी घ्यावी. रिचर्ड मायर यांनी बहुमाध्यम अध्ययनावर दीर्घकाळ केलेल्या संशोधनातून काही नियम पुढे आले आहेत, त्यांतले तीन आपल्या कामाचे आहेत. पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा मोठ्याने वाचून दाखवू नये, कारण तेच शब्द डोळ्यांनी आणि कानांनी एकदम घेताना चित्राकडे लक्ष देणे कठीण होते. विषयाशी संबंध नसलेले संगीत आणि सजावटीची चित्रे काढून टाकावीत. आणि लांब चित्रफितीचे लहान तुकडे करून मध्ये थांबावे. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरील सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या अभ्यासातही सहा मिनिटांपेक्षा लांब चित्रफिती पाहताना विद्यार्थ्यांचे लक्ष टिकत नसल्याचे दिसले होते. तयार मिळालेली पंचवीस मिनिटांची चित्रफीत लावून शिक्षक मागच्या बाकावर वह्या तपासत बसले, तर मुलांचे मत प्रतिकूलच येईल, आणि त्यात ई-लर्निंगचा दोष नसेल.

आणखी एक पथ्य पाळावे. पडदा वर्गात नवा असेल तर मत लगेच विचारू नये. पहिल्या दोन-तीन तासांचे कौतुक हे नवलाईचे असते. निदान महिनाभर पडदा रोजच्या वापरात येऊ द्यावा.

प्रश्नावली लिहिताना

रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली पाच पायऱ्यांची श्रेणी, म्हणजे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत, शाळेतल्या कामाला पुरेशी आहे. पंधरा ते अठरा विधानांपेक्षा जास्त घेऊ नयेत. विसाव्या विधानापर्यंत मुले न वाचताच खुणा करू लागतात.

विधान लिहिल्यावर त्यात ‘आणि’ आहे का, ते पाहावे. ‘बहुमाध्यम तासामुळे विषय सोपा आणि मनोरंजक होतो’ हे विधान अहवालांत हमखास सापडते. ज्या मुलीला तास मनोरंजक वाटला पण सोपा वाटला नाही, तिने खूण कुठे करायची? अशा विधानाचे दोन भाग करावेत. त्याचप्रमाणे सर्वच विधाने ई-लर्निंगची स्तुती करणारी नसावीत. विचारणारे शिक्षक असतात आणि ‘हो’ म्हणण्याचे वळण मुलांना आपणच लावलेले असते, त्यामुळे ती सगळ्यालाच सहमती देत जातात. निम्मी विधाने उलट्या दिशेची ठेवली, तर हा कल उघडा पडतो. गुण देताना अशा विधानांची श्रेणी उलटी करायला विसरू नये : तिथे ‘पूर्ण असहमत’ला ५ आणि ‘पूर्ण सहमत’ला १.

विधाने अनुभवाच्या जितकी जवळ जातील तितके चांगले. नमुन्यादाखल काही विधाने देतो :

‘पेशीविभाजनाच्या तासात मला शंका आली तेव्हा ती विचारायला वेळ मिळाला.’

‘पडद्यावर पाहताना मला वहीत लिहून घेता आले नाही.’

‘फळ्यावरचा तास संपल्यावर तो घटक मी शेजारच्या मित्राला समजावून सांगू शकलो असतो.’

‘पडद्यावरची अक्षरे माझ्या बाकावरून स्पष्ट दिसली.’

शेवटचे विधान किरकोळ वाटेल, पण ते वगळू नये. पडदा दिसण्यासाठी खिडक्या बंद केल्या की वही दिसत नाही. खिडक्या उघडल्या की पडदा फिका पडतो. मुलांच्या नाराजीचे कारण पुष्कळदा एवढेच असते, आणि ते एका पडद्याच्या कापडाने दूर होण्यासारखे असते.

श्रेणीच्या विधानांनंतर कृतीविषयी दोन-तीन प्रश्न ठेवावेत : ‘गेल्या आठवड्यात एखादी चित्रफीत तुम्ही थांबवून पुन्हा पाहिलीत का? कोणत्या ठिकाणी थांबवलीत?’ मत सांगताना मूल समोरच्याला खूश करू शकते. कोणत्या ठिकाणी थांबवले, हे मात्र पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. अखेरीस एक मोकळा प्रश्न आणि चार ओळी रिकामी जागा द्यावी. एका वर्षी याच जागेत एका मुलीने लिहिलेले वाक्य मी जपून ठेवले आहे : ‘व्हिडिओला शंका विचारता येत नाही, पण व्हिडिओला पुन्हा सांगा म्हणायला लाज वाटत नाही.’ त्याआधी माझ्या प्रश्नावलीत शंका विचारण्यावर एक विधान होते आणि पुन्हा ऐकण्यावर एकही नव्हते. या वाक्यानंतर मी दोन्ही गोष्टींसाठी स्वतंत्र विधाने घालू लागलो, आणि वर्गात ‘पुन्हा सांगा’ म्हणणे किती मुलांना अवघड जाते, हे मला तेव्हा प्रथमच आकड्यांत दिसले.

भाषेविषयी थोडे. ‘दृक्-श्राव्य साधनांच्या उपयोजनाने संबोध दृढीकरण होते’ असली विधाने मार्गदर्शकांना आवडतात, पण मुलांना ती कळत नाहीत. खानदेशात घरी अहिराणी बोलणारा किंवा पालघरकडे घरी वारली बोलणारा मुलगा प्रमाण मराठीचा हा कागद कसा वाचेल, याचा विचार करावा. प्रश्नावली पक्की करण्यापूर्वी दुसऱ्या तुकडीतील आठ-दहा मुलांकडून ती भरून घ्यावी आणि प्रत्येक विधानाचा अर्थ त्यांना स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे. जिथे मूल अडखळेल, तिथे वाक्य आपले चुकले आहे असे समजून ते बदलावे.

कागद कोणी वाटावा आणि केव्हा

या टप्प्यावर होणारी एक चूक सर्वेक्षण पूर्णपणे वाया घालवते. प्रश्नावली गूगल फॉर्मवर तयार करून तिची लिंक वर्गाच्या व्हॉट्सऍप गटावर टाकली, की उत्तरे झटपट येतात आणि तक्तेही आपोआप तयार होतात. पण ई-लर्निंगविषयीचे मत त्यात फक्त फोन आणि डेटा असलेल्या मुलांचेच येते. ज्यांना या माध्यमाची सर्वांत जास्त अडचण आहे, ती मुले मोजणीतच नसतात. या विषयासाठी छापील कागदच वापरावा आणि तो वर्गात, शाळेच्या वेळेतच भरून घ्यावा.

कागदावर नाव किंवा हजेरी क्रमांक नसावा. चाचणीच्या गुणांशी मत जोडून पाहायचे असेल, तर मुलांनीच एखादी खूण निवडावी, जसे आवडते फळ आणि त्यापुढे दोन अंक, आणि तीच खूण दोन्ही कागदांवर लिहावी. ज्या शिक्षकांनी तास घेतले त्यांनी कागद गोळा करू नयेत. दुसऱ्या सहकाऱ्याला ही विनंती करावी किंवा दाराशी खोके ठेवावे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हे काम करू नये, कारण त्या दिवसांत ‘नोट्स मिळतील ते चांगले’ याखेरीज दुसरे मत मुलांच्या मनात नसते. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांना माहिती देणारे पत्र, या दोन्ही गोष्टी आधीच कराव्यात. भाग घ्यायचा नसल्यास कागद कोरा ठेवता येईल, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे.

किती मुलांना विचारावे? दोन तुकड्यांचाच प्रश्न असेल तर सर्वांनाच. संपूर्ण शाळेचे मत हवे असेल तर क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेला तक्ता पाहावा. त्यानुसार एकूण ३०० विद्यार्थी असतील तर १६९ आणि एकूण १,००० असतील तर २७८ मुलांचा न्यादर्श, म्हणजे निवडलेला नमुना गट, लागतो. तो हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून निवडावा. ‘जे वर्गात हजर होते ते’ असा निवडू नये, कारण ऊसतोडीच्या हंगामात किंवा भातलावणीच्या दिवसांत कोणती मुले गैरहजर असतात, ते आपल्याला ठाऊक आहे.

मताशेजारी चाचणी ठेवावी

हा भाग सर्वाधिक महत्त्वाचा आहे आणि बहुतेक अहवालांत तो नसतो. तास आवडणे आणि तासातून शिकणे या दोन गोष्टी नेहमी बरोबर चालत नाहीत. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमावर लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ओघवते व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण अधिक शिकलो असे वाटले, आणि स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्यांना कमी शिकलो असे वाटले. चाचणीत मात्र दुसऱ्या गटाला अधिक गुण मिळाले. ती तुलना पडदा आणि फळा यांची नव्हती, पण तिच्यातला धोका आपल्याकडेही तसाच लागू पडतो. देखणे ऍनिमेशन पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते. समजल्याची ही भावना प्रश्नावलीत उतरते. न समजलेले मात्र उत्तरपत्रिकेतच दिसते.

म्हणून प्रत्येक घटकाआधी दहा गुणांची लहान पूर्वचाचणी, घटक संपल्यावर उत्तरचाचणी, आणि साधारण तीन आठवड्यांनी न सांगता तशीच एक चाचणी घ्यावी. प्रश्नांत आकृती काढणे, कारण सांगणे आणि नव्या उदाहरणाला नियम लावणे, असे तिन्ही प्रकार असावेत. नुसत्या योग्य पर्यायाच्या प्रश्नांनी मध्यावस्थेतले हरवलेले तंतू सापडत नाहीत. तीन आठवड्यांनंतरच्या चाचणीचा कंटाळा करू नये. पडद्यावरून शिकलेले आणि फळ्यावरून वहीत उतरवून घेतलेले, यांत काय किती टिकते, ते तिथेच कळते.

कागदावर न येणारे ऐकण्यासाठी

प्रश्नावली झाल्यावर आठवड्याभरात सहा ते आठ मुलांच्या दोन-तीन गटांशी बोलावे. हुशार म्हणून ओळखली जाणारी मुलेच पुढे येतात, म्हणून गट हजेरीपटावरून ठरवावा आणि शक्य तिथे मुलींचा गट वेगळा ठेवावा. बैठक वर्गात घेण्यापेक्षा व्हरांड्यात किंवा मैदानाच्या कडेला गोल बसून घ्यावी. शिक्षक खुर्चीवर आणि मुले बाकावर, अशी मांडणी असली की गप्पांची तोंडी परीक्षा होते. ‘तुम्हाला काय आवडले?’ असे विचारण्याऐवजी ‘त्या तासात नेमके कुठे सुटल्यासारखे वाटले?’ असे विचारावे आणि मग गप्प राहावे. मुले उत्तर शोधत असताना आपण मध्येच बोललो, तर ती आपले बोलणेच उत्तर म्हणून परत देतात.

याच बैठकीत घरची परिस्थिती कळते. घरात फोन आहे का, या प्रश्नाला बहुतेक मुले ‘हो’ म्हणतात. तो फोन अभ्यासासाठी किती वाजता हातात येतो, असे विचारले की चित्र बदलते : वडील रात्री कामावरून आल्यावर, किंवा मोठ्या भावाचा अभ्यास झाल्यावर. ‘फोन आहे’ आणि ‘फोन मिळतो’ असे दोन वेगळे रकाने करणे मी अशाच एका बैठकीनंतर सुरू केले.

आकडे मांडताना

पन्नास-शंभर कागदांसाठी मोठ्या संगणकीय प्रणालीची गरज नाही. एक्सेलची साधी तालिका पुरते. प्रत्येक विधानासाठी पाचही पर्यायांना किती मुलांनी पसंती दिली, ते आधी मांडावे. केवळ मध्यमान, म्हणजे सरासरी, देऊ नये. निम्मा वर्ग ‘पूर्ण सहमत’ आणि निम्मा ‘पूर्ण असहमत’ असेल तरी मध्यमान ३ येते, आणि वाचणाऱ्याला वाटते की वर्गाला काहीच मत नाही.

त्यानंतर वर्गाचे उपगट करून तीच उत्तरे पुन्हा पाहावीत. समजा, ८४ मुलांपैकी ५६ मुलांनी ‘घरी चित्रफीत पाहून घटक अधिक समजतो’ या विधानाला सहमती दिली. म्हणजे सुमारे ६७ टक्के. आता ‘फोन मिळतो’ या रकान्याप्रमाणे वाटणी करा. फोन सहज मिळणाऱ्या ३० मुलांपैकी २६ सहमत आहेत, म्हणजे सुमारे ८७ टक्के. उरलेल्या ५४ पैकी ३० सहमत आहेत, म्हणजे सुमारे ५६ टक्के. पहिला आकडा वाचून शाळा घरच्या अभ्यासाला चित्रफिती देऊ लागेल. दुसरे दोन वाचले तर ती त्याआधी संगणक कक्ष शाळा सुटल्यावर तासभर उघडा ठेवण्याचा विचार करील. असा फरक योगायोगाने आला असेल का, हे तपासण्यासाठी काय-वर्ग ही संख्याशास्त्रीय कसोटी वापरता येते, आणि बी.एड.च्या अहवालात ती अपेक्षितही असते. मात्र तिच्या निकालावर दोन तुकड्यांपलीकडच्या जगाविषयी विधाने करू नयेत. ‘महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना ई-लर्निंग आवडते’ असे वाक्य ८४ कागदांवर लिहिले जाऊ नये, अशी माझी प्रत्येक छात्राध्यापकाला कळकळीची विनंती असते.

मोकळ्या प्रश्नाची उत्तरे टंकित करून, सारखी वाटणारी एकत्र ठेवावीत आणि प्रत्येक गठ्ठ्याला मुलांच्याच शब्दांतून नाव द्यावे. ‘लिहायला वेळ मिळत नाही’ हे नाव ‘आलेखनविषयक मर्यादा’ यापेक्षा कितीतरी अधिक सांगते.

चाचणी आणि मत यांची सांगड घालताना चार प्रकारची मुले दिसतात : ज्यांना तास आवडला आणि कळला, आवडला पण कळला नाही, आवडला नाही पण कळला, आणि ज्यांना दोन्ही नाही. यांपैकी दुसऱ्या गटाकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे. ही मुले तक्रार करीत नाहीत, समाधानी दिसतात आणि परीक्षेपर्यंत कोणाच्याच नजरेत येत नाहीत. त्यांच्यासाठी उपाय साधा आहे : चित्रफीत दर तीन-चार मिनिटांनी थांबवून पडदा काळा करावा आणि आतापर्यंत पाहिलेले वहीत काढायला सांगावे.

निष्कर्ष आधी वर्गात वाचून दाखवावेत

अहवाल मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाण्याआधी तो दोन्ही तुकड्यांसमोर ठेवावा. मुख्य पाच-सहा आकडे फळ्यावर लिहावेत आणि ‘हे असे का आले असेल?’ असे मुलांनाच विचारावे. अर्थ लावण्यातल्या आपल्या चुका इथे दुरुस्त होतात. एकदा पडद्यावरच्या तासात शंका कमी विचारल्या गेल्याचे मी ‘विषय चांगला समजल्याचे लक्षण’ म्हणून लिहिले होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, ‘सर, अंधारात हात वर केलेला तुम्हाला दिसत नव्हता.’ ते वाक्य मी अहवालातून काढले, आणि पुढच्या तासापासून चित्रफीत थांबली की मागचा दिवा लावण्याचे काम त्याच मुलाकडे दिले.